हुरड्याचा गोडवा कुठे जातो?

पौष-माघाच्या थंडीत शेताच्या बांधावर बसून आपण कधीतरी हुरडा खाल्ला असेल. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणीस तळहातांवर चोळावे, कोंडा फुंकून टाकावा आणि कोवळे हिरवे दाणे तोंडात टाकावेत. त्या दाण्यांची गोडी आठवून पाहा. तीच ज्वारी काही आठवड्यांनी पिकली, दळली गेली आणि तव्यावर तिची भाकरी झाली, की ती गोडी जिभेला लागत नाही. मग ती जाते कुठे?

ती कुठेही जात नाही. दाण्यातील साखरेचे पिष्ट होते, म्हणजे गोडी कुलूपबंद होते. आपल्या तोंडातील लाळ आणि आतड्यांतील पाचकरस ते कुलूप पुन्हा उघडतात आणि साखर रक्तात उतरते. ज्या घरात मधुमेह असलेले वडीलधारे माणूस आहे, तेथे हे कुलूप कसे बसते आणि किती लवकर उघडते, हे समजून घेणे उपयोगाचे आहे.

वर्धा नदीपलीकडचा राजुरा हा कापसाचा आणि ज्वारीचा मुलूख. चंद्रपूर ओलांडून मूल, सिंदेवाही, नागभीडकडे जावे, तसतशा धानाच्या बांध्या दिसू लागतात. समजा, आपल्या घरातील आजी त्या धानाच्या गावातून लग्न होऊन राजुऱ्याला आली. तिचे जेवण भाताशिवाय पुरे होत नाही. रक्तातील साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी सांगितले, “भात कमी करा.” घरी येईपर्यंत ‘कमी’चे ‘बंद’ झाले. दात नसल्याने भाकरी चावत नाही आणि ताटात अर्धे अन्न तसेच राहते. साखरेची गोळी मात्र वेळेवर दिली जाते. अशा घरात धोका साखर वाढण्याचा जितका असतो, तितकाच ती एकाएकी उतरण्याचाही असतो.

दाण्यातील कारागीर

धान निसवले, फुलोरा आला, की पुढे साधारण 30 दिवसांत दाणा भरतो. या काळात कोवळा दाणा नखाने दाबला तर पांढरा चीक बाहेर येतो. हिरव्या पानांनी उन्हात तयार केलेली साखर देठातून लोंबीत येते आणि या चिकात तिचे पिष्ट बनते. हे काम करणारी प्रथिने म्हणजे विकरे, अर्थात एन्झाइम.

आलेली साखर आधी फोडली जाते. मग एक विकर ग्लुकोजच्या कणाला वाहक जोडून तो बांधकामास योग्य करते. त्याला ‘एडीपी-ग्लुकोज’ म्हणतात. दाण्यात पिष्ट किती वेगाने साठेल, हे बहुतांशी या पायरीवर ठरते. साखरेला असा वाहक जोडण्याची सजीवांची रीत अर्जेंटिनाचे शास्त्रज्ञ लुईस लेलॉयर यांनी उलगडली आणि त्यासाठी त्यांना 1970 साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे दुसरी विकरे हे कण माळेसारखे ओवतात, तिसरी त्या माळेला फांद्या फोडतात आणि चौथी वेड्यावाकड्या फांद्यांची छाटणी करतात.

यांतील एखादा कारागीर जन्मतःच अधू असेल तर काय होते, हे आपण बाजारात पाहतो. स्वीट कॉर्नच्या काही वाणांत वाहक जोडणारे विकर नीट काम करत नाही, तर काहींत छाटणीचे. त्यामुळे साखरेचे पिष्ट पुरते बनत नाही आणि मका गोड राहतो.

एकाच तांदळाचे दोन स्वभाव

तांदळाच्या पिष्टात दोन घटक असतात. फांद्याफांद्यांचे ते अमायलोपेक्टिन आणि जवळजवळ सरळ माळेचे ते अमायलोज. अमायलोज घडवणारे विकर एकच असून ते पिष्टाच्या कणाला चिकटून काम करते. ते जोमदार असेल तर भात मोकळा, फडफडीत होतो आणि थंड झाल्यावर टणक लागतो. ते दुबळे असेल तर भात मऊ व चिकट होतो. जपानी भात चिकटतो तो याचमुळे. ईशान्य भारतातील चिकट तांदळात तर अमायलोज जवळपास नसतेच.

आरोग्याच्या दृष्टीने फरक असा, की सरळ माळा एकमेकींना घट्ट बिलगून राहतात आणि पाचकरसांना सहज वाट देत नाहीत. जास्त अमायलोजच्या भाताने रक्तातील साखर सहसा सावकाश चढते. मात्र दाणा बारीक असणे आणि त्यात अमायलोज जास्त असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या जिल्ह्याची ओळख झालेला एचएमटी तांदूळ याच मातीतला. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी 1983 साली ‘पटेल 3’ या धानाच्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्यांचे बियाणे जपले आणि वाढवले. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून या वाणाला नाव मिळाले. दादाजी 2018 साली गेले. त्यांचा बारीक, चवदार तांदूळ आजही आपल्या ताटात आहे. परंतु बारीक आहे म्हणून तो साखरेला हलका, असे समजू नये.

दाणा भरताना हवा फार तापली तरी या विकरांची घडी विस्कटते. पिष्टाचे कण विरळ बसतात, दाण्याच्या पोटात पांढरा खडूसारखा डाग राहतो आणि असा तांदूळ गिरणीत लवकर तुटतो. एकाच वाणाचा भात दोन हंगामांत वेगळा का लागतो, याचे एक उत्तर येथे मिळते.

आजीच्या ताटापर्यंत

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू. दाण्यातले काम संपलेले असते. निवड, माप आणि शिजवणे आपल्याकडे असते.

निवडीची परीक्षा घरीच करता येते. शिजवलेला भात वाटीत झाकून गार होऊ द्या. दाणे सुटे व टणक झाले तर अमायलोज जास्त असावे; मऊ, चिकट राहिले तर कमी. त्याहून खात्रीची परीक्षा ग्लुकोमीटरची. दोन दिवस जेवण तेच, वाटी तीच, फक्त तांदूळ वेगळा ठेवा आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजा.

भाताआधी भाजी आणि वरण खाऊ द्या. भात गिच्च शिजवला की पिष्ट फुलून फुटते आणि लवकर पचते. गार झालेल्या भाताचे थोडे पिष्ट पुन्हा घट्ट होते, हे खरे. पण लाभ लहान आहे आणि उघड्यावर राहिलेल्या भाताने विषबाधा होऊ शकते. ठेवायचाच असेल तर तासाभरात फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत एकदाच गरम करा. ‘शुगर फ्री’ असे लिहिलेल्या तांदळाला भुलू नका. पिष्ट कोणतेही असो, शेवटी त्याचे ग्लुकोजच होते. हेच भाकरीलाही लागू आहे.

एक अपवाद लक्षात ठेवावा. गिळताना ज्यांना ठसका लागतो, त्यांच्यासाठी फडफडीत भात धोक्याचा. सुटे दाणे घशात विखुरतात. त्यांना ओलसर, मऊ खिचडी द्यावी, वाटी मोजून द्यावी आणि डॉक्टरांना ठसक्याविषयी सांगावे. येथे साखरेपेक्षा श्वास आधी.

आणि सर्वांत महत्त्वाचे: इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असताना भात अचानक बंद करू नका. घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे दिसले तर शक्य असल्यास लगेच साखर मोजा. मोजायला वेळ लागत असेल तर थांबू नका. रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा आणि डॉक्टरांना कळवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, तत्काळ दवाखाना गाठा.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा आजीच्या जेवणातील भाताची वाटी सोबत न्या. ‘कमी’ म्हणजे या वाटीने किती, हे विचारा आणि गोळीचे माप त्याला जुळते का, तेही विचारा. आजीच्या ताटात अर्धी वाटी का होईना, भात परत येईल आणि ती पोटभर जेवेल.