मिरगाआधी कौलं परता. गळकं छप्पर भिंतीलाही धोक्याचं

बेळगाव : वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या की खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागात कौलं परतणाऱ्या कारागिरांना उसंत नसते. साधारण ७ जूनला मिरग निघतो. त्याआधी शाकारणी उरकायची, ही या पट्ट्यातली जुनी रीत. आता घरातली तरणी मंडळी पुण्याला नाहीतर गोव्याला, गावात म्हातारी माणसं, आणि कौलावर चढणारा माहीतगार माणूस मिळणं मुश्कील. मग ‘यंदा चालवून घेऊ’ म्हणत काम पुढच्या वर्षावर जातं. नेमकं हेच महागात पडतं. गळतीचं पाणी जमिनीवर पडतं तेव्हा बादली ठेवता येते. वाशात आणि मातीच्या भिंतीत मुरतं तेव्हा ते दिसतही नाही. ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत बेळगाव जिल्ह्यात असंख्य घरं पडली. पुरापुढं कुणाचं चालत नाही, पण ओल धरलेल्या भिंतींची घरं वाचवण्याची संधी उन्हाळ्यातच असते.

छपरावर किती पाणी पडतं?

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे जवळपास ९३ चौरस मीटर. दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्यावरून ९,३०० लिटर पाणी वाहतं. घाटालगतच्या गावांत असे दिवस एका पावसाळ्यात अनेकदा येतात.

भर पडते ती वजनाची. एवढ्या छपराला साधारण १,४०० मंगळुरी कौलं लागतात. जुन्या कौलात प्रत्येकी पाव लिटर पाणी मुरलं, तरी वाशांवर साडेतीनशे किलोंचा बोजा वाढतो. वासा आधीच कुजका असेल तर तो वाकतो. वासा वाकला की उतार कमी होतो, कौलांमध्ये फट पडते आणि गळती आणखी वाढते.

पाणी शिरतं कुठून?

१८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला आणि एकमेकांत अडकणारी ही कौलं पश्चिम किनाऱ्यावर घरोघरी पोचली. त्यांची रचनाच अशी की वरच्याचं पाणी खालच्यावर, त्याचं त्याखालच्यावर, आणि शेवटी वळचणीवरून खाली. त्यामुळं सगळी कौलं शाबूत असूनही घर गळतं तेव्हा सांधे बघायचे.

पहिली जागा पन्हाळीची. दोन उतार जिथं मिळतात तिथं निम्म्या छपराचं पाणी एकत्र येतं. पालापाचोळा अडकला की ते कौलाखाली घुसतं. पन्हाळीचा पत्रा दोन्ही बाजूंनी कौलांखाली निदान वीतभर गेलेला हवा. गंजून चाळण झालेला पत्रा डांबर फासून टिकत नाही, तो बदलावाच लागतो.

दुसरी जागा आढ्यावरची. कोन्याच्या कौलांखालचा चुना-सिमेंट उन्हानं तडकतो. तिसरी, जिथं छप्पर भिंतीला टेकतं ती. चौथी जागा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही : कौलाच्या खाचेतलं शेवाळ आणि माती. खाच भरली की पाणी खाली न जाता आडवं सरकतं आणि शेजारच्या सांध्यातून आत येतं. त्यावर कौल बदलायची गरज नसते. काढून, ब्रशनं घासून, वाळवून परत बसवलं की झालं.

माकडांनी उड्या मारून सरकवलेली कौलं हा तर घाटाकडच्या गावांचा कायमचा ताप. सरकलेलं कौल खालून पटकन दिसत नाही.

तपासणी आतून करा

भर दुपारी दिवे बंद करून माळ्यावर जा. उजेडाच्या बारीक रेघा सगळ्याच कौलारू घरांत दिसतात, तेवढ्यानं घाबरू नये. वाशावरचे काळे डाग, पांढरी बुरशी आणि वाळवीची मातीची नळी शोधा. डाग दिसला की खडूनं खूण करा. पाणी वाशावरून ओघळत दोन-चार हात खाली येऊन टपकतं, म्हणून गळतीचं मूळ डागाच्या वरच्या बाजूला शोधायचं. वाशात खिळा टोचून बघा. सहज आत गेला तर तो वासा पावसाळा काढेल याची खात्री नाही.

नवीन कौल घेताना जुनं एक सोबत न्या. प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा, कौलावर नावही उमटवलेलं असतं. साचा जुळला नाही तर खाच बसत नाही. बोटानं वाजवून बघा. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद वाजलं तर तडा आहे.

नको ते उपाय

गळक्या कौलांवर सिमेंट थापणं हा सर्रास चाललेला उपाय. सिमेंट तडकतं, तड्यातून पाणी शिरतं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. शिवाय पुढच्या वर्षी एक कौल काढायला गेलं की चार फुटतात. निळी ताडपत्री आणीबाणीला ठीक, पण ती थेट वाशाला चिकटवून वर्षभर ठेवली तर खाली लाकूड घाम धरतं. झडीच्या बाजूला झडप बांधतानाही भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवावं, म्हणजे वारा खेळतो.

कौलं काढून पत्रे घालणाऱ्यांनी स्क्रू नळीच्या उंच भागावर मारलेत का, हे स्वतः बघावं. खोलगट भागात मारलेला स्क्रू पाण्याच्या वाटेतच असतो. स्लॅबच्या घरात आधी पाईपचं तोंड मोकळं करा, मग बादलीभर पाणी ओतून ते कुठं साचतं ते पहा. ओल्या स्लॅबवर लावलेला वॉटरप्रूफिंगचा थर फुगून सुटतो. ते काम कडक उन्हातलं.

पायथ्याकडेही लक्ष हवं

पागोळ्यांचं पाणी जोत्यालगत पडत असेल तर मातीची भिंत खालून भिजते. चर खणून उतार घराबाहेर काढणं, हे घरच्या माणसांना एका दिवसात जमणारं काम आहे. भिंत फुगलेली, तिरकी झालेली किंवा छतापासून सुटलेली दिसली तर त्या खोलीत झोपू नये. मीटर किंवा पंख्यावर पाणी टपकत असेल तर आधी मेन स्विच बंद. कौलावर चढायचं ते कोरड्या दिवशी, वाशांवर आडवी शिडी किंवा फळी टाकून. कौलाच्या मधोमध पाय ठेवू नये.

घराची पडझड झालीच, तर ढिगारा हलवण्याआधी फोटो काढून तलाठी आणि ग्रामपंचायतीला कळवावं, गोव्यात मामलेदार कार्यालयाला. भरपाईची सुरुवात पंचनाम्यापासून होते. अनेक घरं आजही आजोबा-पणजोबांच्या नावावर आहेत आणि अडतं ते तिथंच. कौलं परतायला माणूस मिळेपर्यंत घरपट्टीची पावती आणि उतारा कुणाच्या नावावर आहे, तेवढं तरी बघून ठेवावं.