पडदा झाकतो, हे अर्धंच खरं

गैरसमज : पडदा म्हणजे झाकायची वस्तू.

आपली भाषाही तेच शिकवते. भानगडीवर पडदा टाकायचा, पडद्याआडून सूत्रं हलवायची. पण जुन्या संगीत नाटकात पडदा झाकायला नव्हे, दाखवायला असायचा. राजवाडा, अरण्य, देऊळ, रस्ता. जागा बदलली की पडदा बदलायचा. सपाट कापडावर कमानीमागे कमान अशी रंगवायची की मागच्या रांगेतल्याला दरबार खोलवर गेलेला वाटावा. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे दोघं या कामात इतके नावाजले, की त्यांचं आडनाव मागे पडून 'पेंटर' हीच ओळख झाली. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' आणला. गंमत म्हणजे, नाटकाचे पडदे रंगवून नाव कमावलेल्या याच माणसानं सिनेमात रंगीव पडद्यांऐवजी भरीव, उभारलेले सेट आणले. कापडावरची खोली किती फसवी, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

गैरसमज : पडदा पडला की खेळ संपला.

शेवटचा सोडला, तर बाकीचे पडदे खेळ चालू राहावा म्हणूनच पडतात. पुढे रस्त्याचा पडदा सोडायचा, त्याच्यासमोर दोन पात्रं गप्पा मारणार, तोवर मागे दरबार मांडून तयार. वाक्प्रचारानं मात्र शेवटचा पडदाच तेवढा उचलला.

गैरसमज : 'लोखंडी पडदा' ही चर्चिल यांची कल्पना.

त्यांच्या 1946 च्या फुल्टनच्या भाषणानं तो शब्द जगभर गेला, एवढंच. राजकारणात तो त्याआधीही वापरला गेला होता, आणि नाट्यगृहात तर खराखुरा लोखंडी पडदाच असे. रंगमंचावर आग लागली तर ती प्रेक्षकांकडे येऊ नये, हे त्याचं काम. लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात 1794 मध्ये असा पडदा बसवला. 1809 मध्ये ते नाट्यगृह तरीही जळालं. इकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी उभारलेलं, 1915 मध्ये खुलं झालेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री पेटलं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती.

तेव्हा आणखी एक गैरसमज दूर करायलाच हवा : आगरोधक पडदा जळत नाही.

जळतो. फक्त उशिरा पेट घेतो आणि ज्वाळा भराभर पसरू देत नाही. काही कापडांच्या धाग्यातच हा गुण असतो, काहींना वरून रसायन लावलेलं असतं. रसायन पाण्यात विरघळणारं असेल, तर धुलाईबरोबर गुणही जातो. सभागृहासाठी पडदा घेताना रंग आणि झालर नंतर बघा. आधी विचारा, धुतल्यावर काय?