रात्रीच्या हिशेबात न बसणारे पाहुणे

पहाटे ५.३०. तुळजापूरहून काउंटरवरच्या पोराचा फोन. "दादा, अकरा जण आहेत. फ्रेश होण्यापुरती खोली पाहिजे म्हणतायत. देऊ का?" मंगळवार. पहाटेच्या चरणतीर्थ पूजेची गर्दी मंदिरातून बाहेर पडू लागलेली. तेरमधल्या घरी अंथरुणातच मी मोबाइल उघडतो. तुळजापुरातल्या चार लहान लॉजचं ऑनलाइन बुकिंग इथून मी सांभाळतो. रिकामी खोली सगळ्या ॲपवर आधी बंद करायची, मग पोराला 'दे' म्हणायचं. उलटं केलं की संध्याकाळी भांडण ठरलेलं.

८.००. चहा, लॅपटॉप. मेकमायट्रिप आणि गोआयबिबो नावं दोन, कंपनी एकच. शिवाय बुकिंग डॉट कॉम, तासांवर खोल्या विकणारं ब्रेव्हिस्टे, धर्मशाळांचं बुकिंग करणारं यात्राधाम. खोल्या त्याच, दुकानं वेगवेगळी, आणि प्रत्येकाचं कमिशन निराळं.

मोठ्या ॲपवर खोलीचं माप बहुधा ठरलेलं: एक रात्र, दोन माणसं. तुळजाभवानी आईच्या दर्शनाला येणारं कुटुंब त्यात बसत नाही. कुणाचं जावळ, कुणाचं लग्नानंतरचं जोडीनं दर्शन. सोबत आजी, आत्या, दोन शेजारी. त्यांना रात्र नकोच असते. गरम पाणी, साडी बदलायला आडोसा आणि तान्हं निजवायला खाट एवढी तीन तासांची गरज. हे हेरून छोटी ॲपं निघाली, ते बरंच झालं. पण तुळजापुरात हा धंदा आधीच वाटला गेलेला आहे. भोपे, पाळीकर, उपाध्ये या पुजाऱ्यांकडे गावोगावचे यजमान पिढ्यानपिढ्या ठरलेले. घराण्याची नावं वहीत, उतरायची सोय पुजाऱ्याच्याच घरी. कमिशन नाही, दक्षिणा आहे. माझा खरा स्पर्धक तोच, आणि त्याला इंटरनेट लागत नाही.

११.००. एका मालकांचा फोन. काउंटरवर कमी भावात खोली दिली म्हणून एका ॲपच्या माणसानं त्यांना सुनावलंय. इतरत्र स्वस्त विकायचं नाही, ही अट लहान लॉजवाल्याच्या उरावर बसते. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटींचा दंड ठोठावला, त्याच्या कारणांत ही अटही होती. ओयोला खास वागणूक देऊन ट्रीबो आणि फॅबहॉटेल्स यादीतून काढल्याचाही ठपका होता. ओयोलाही १६८.८८ कोटी. मालक ऐकून म्हणतात, "कोटींचं राहू द्या, माझे दोनशे रुपये कोण देणार?"

करातही गोम आहेच. जीएसटी नोंदणी नसलेल्या लॉजची खोली ॲपवरून गेली, तर कर भरायची जबाबदारी ॲपवर. काउंटरवरून गेली तर कर नाही. मग पाहुणा विचारतो, इथं स्वस्त कसं? "सगळी ॲपं बंद करू का?" मालक दर महिन्याला विचारतात. नको म्हणतो. पुण्या-हैदराबादहून गाडीनं येणारं जोडपं ॲपवरच शोधतं, पूर्ण भाडं देतं आणि खरोखर रात्रभर राहतं.

दुपारी २.००. जेवण करून तेरमधल्याच लामतुरे संग्रहालयाकडे चक्कर. त्रिविक्रम मंदिर बघून आलेले काही जण राहायची सोय विचारतात. ॲपवर 'तेर' टाकलं की मला धाराशिव नाहीतर लातूर दिसतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तगर आहे, म्हणजे हेच तेर. इथलं कापड गाड्यांनी भडोच बंदराला जायचं. आता संत गोरोबाकाकांच्या समाधीला आलेला माणूस संध्याकाळच्या एसटीनं परततो. इथं घरगुती दोन-चार खोल्या चालतील असं मला वाटतं, पण त्या विकणारं दुकान अजून कुणी काढलेलं नाही.

सायंकाळी ७.००. व्हायचं तेच. एक खोली दोन ॲपवर विकली गेली. एकाची नोंद उशिरा उतरली. सोलापूरचं कुटुंब काउंटरवर उभं, मूल रडतंय. ॲपच्या मदतकेंद्रात गाणं वाजतंय. शेवटी पोरानं गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि त्यांच्या पुजाऱ्याला फोन लावला. नऊपर्यंत मंडळी तिकडं जेवायला बसली. कमिशन बुडालं, शिवाय ॲपवर एक तारा मिळाला.

रात्री १०.००. आश्विन पौर्णिमेच्या तारखा सगळ्या ॲपवरून काढून टाकतो. त्या दिवशी लोक सोलापूरहून चालत येतात. खोल्या काउंटरवरच जातील, तासांच्या भावानं.