किल्ली अठराव्या वर्षी, शिक्षण मात्र आधीपासून



मध्यंतरी कामानिमित्त अकोल्याला जाणे झाले. जठारपेठेत एका सभासदाच्या घरी मुक्काम होता. मुलांच्या शिक्षणासाठी गावची शेती सांभाळून शहरात बिऱ्हाड करणाऱ्यांपैकी हे एक घर. संध्याकाळी ओट्यावर चहा घेत बसलो होतो. तेवढ्यात शिकवणीचे वर्ग सुटले आणि समोरून ज्या गाड्या गेल्या त्या पाहता पाहता हातातला चहा गार झाला. एकेका स्कूटीवर तीन-तीन मुलं. कोणाला अजून मिसरूड फुटलेले नाही, कोणाच्या डोक्यावर हेल्मेट नाही. यजमानांचा नववीतला मुलगाही त्यांतच!

"याचं वय काय हो?" आम्ही विचारले.

"पंधरावं लागलं. पण भाऊ, हात बसला हाय त्याचा. गावी तर आठवीपासून टॅक्टर हाकते. तुमी काई काळजी करू नका."

काळजी वाटली, कारण हेच वाक्य आम्हीही एके काळी मोठ्या अभिमानाने बोललो आहोत. आमचा पुतण्या चौदा वर्षांचा असताना रिकामी ट्रॉली घेऊन शेतातून निघाला. मडगार्डवर एक गडी बसलेला. उतारावर पोराने गाडी न्यूट्रल केली, वेग वाढला तसा घाबरून एकाच बाजूचा ब्रेक दाबला. ट्रॅक्टर गर्रकन फिरला आणि चारीत गेला. पोराचा पाय मोडला, गडी बाजूला फेकला गेला म्हणून वाचला. रस्त्यावर निघताना दोन्ही ब्रेक कडीने जोडायचे असतात, हे त्या पोराला कोणी सांगितलेच नव्हते. किल्ली मात्र आम्हीच दिली होती.

म्हणून या अंकात थोडे स्पष्ट लिहीत आहोत.

कायदा काय म्हणतो?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे सार्वजनिक जागी मोटार वाहन चालविण्यास १८ वर्षे पूर्ण पाहिजेत. वाहतुकीच्या वाहनाला २० वर्षे. सोळाव्या वर्षी सवलत आहे ती फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला, आणि तिलाही लायसन्स लागतेच. लुना घरोघरी होती त्या काळात या सवलतीला अर्थ होता. आज दुकानात मिळणाऱ्या पेट्रोलच्या स्कूटी बहुतेक शंभर सीसीच्या वर आहेत. "बिनगिअरची आहे, चालते" ही समजूत चुकीची. बॅटरीच्या सगळ्याच गाड्यांना लायसन्स लागत नाही, हीही तशीच. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, अगदी कमी शक्तीच्या गाड्यांनाच ती सूट आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्याची जबाबदारी पालकावर आणि गाडीमालकावर टाकली. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरती खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावरच आहे. किल्ली खुंटीला टांगलेली असेल तर ते कसे सिद्ध करणार?

विम्याचेही ऐकून ठेवा. चालविणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर अपघातग्रस्ताला दिलेली भरपाई विमा कंपनी गाडीमालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे एका संध्याकाळच्या हौसेपायी सात-बारा धोक्यात. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. मोटार चालविल्याचा आरोप सतरा वर्षांच्या मुलावर आला आणि त्याच्या वडिलांनाही अटक झाली. बड्यांचे प्रकरण म्हणून आपण ते वाचून सोडून दिले. कायदा मात्र बड्यांना आणि आपल्याला एकच आहे.

मग शिकवायचेच नाही काय?

शिकवायचे, आणि लवकर शिकवायचे, असे आमचे मत आहे. अठरा वर्षे काहीच सांगायचे नाही आणि वाढदिवसाला एकदम किल्ली हातात द्यायची, हेही घातकच. स्वीडनमध्ये १९९३ पासून मोठ्यांच्या देखरेखीखाली सरावाचे वय साडेसतरावरून सोळावर आणले. लायसन्सचे वय अठराच ठेवले. ज्या मुलांनी हा जादा वेळ घेऊन भरपूर सराव केला, त्यांचे पुढे अपघात कमी झाल्याचे तिथे दिसून आले. इंग्लंडमध्ये सार्वजनिक रस्त्यापासून दूर, बंदिस्त जागेत, शिक्षकाकडेही ब्रेक असलेल्या मोटारीतून लहान मुलांना धडे देतात. आपल्याकडे तशी सोय गावोगाव नाही. पण बरेचसे शिक्षण गाडी चालू न करताही होते.

१) मुलाला शेजारी बसवा आणि बोलते ठेवा. पुढे काय दिसते, फाट्यावरून कोण येईल, तो बैल बुजेल काय, हे त्याने सांगावे. डोळा आधी तयार व्हावा, हात मागून होतो.

२) वेग मोजून दाखवा. ताशी ४० किलोमीटरने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. म्हणजे चार फुटी सरीच्या नऊ सऱ्या! समोर पोर आले हे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत एवढे अंतर सरते. मुलाला शेतात नेऊन नऊ सऱ्या मोजायला लावा. जन्मभर विसरणार नाही.

३) गाडी बंद ठेवून ब्रेक, क्लच, आरसा, दिवे दाखवा. ट्रॅक्टरच्या दोन ब्रेकची कडी त्याच्याच हाताने लावून घ्या. चालू पीटीओजवळ सैल कपड्याने जायचे नाही, मडगार्डवर कोणी बसायचे नाही, उतारावर न्यूट्रल करायचे नाही, हे पाठ करून घ्या.

४) सायकल नीट चालवू द्या. हात दाखवून वळणे, मागे पाहणे, डावीकडून जाणे हे सायकलवरच शिकावे.

५) अठरा पूर्ण होताच शिकाऊ लायसन्स काढा. ते सहा महिने चालते, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्ससाठी अर्ज करता येतो. त्या काळात 'एल'ची पाटी लावा आणि लायसन्सधारक शिकविणारा शेजारी बसवा.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. कायद्यात 'सार्वजनिक जागा' असा शब्द आहे म्हणून आपल्या वावरात ट्रॅक्टर पोराच्या हवाली करायला मोकळीक मिळाली, असा अर्थ काढू नका. चारीला आणि उताराला कायदा कळत नाही. आणि पांदण, गावरस्ता, कारखान्याकडे येणारा रस्ता इथे तर प्रश्नच नाही. गळीत हंगामात रात्रीची वेळ, उसाने भरलेल्या ट्रॉल्या, समोरून येणारे प्रखर दिवे. तिथे मोठ्या माणसाचीही परीक्षा होते.

दुसऱ्या दिवशी निघताना यजमान म्हणाले, "तुमचं खरं हाय भाऊ. पण पोरगं मग शिकवणीले कसं जाईन?"

जिन्याखाली सायकल उभी होती. दोन्ही चाकांत हवा नव्हती. आम्ही पंप मागवला, मुलाने हवा भरली. स्कूटीची किल्ली त्यांनी आमच्यासमोर कपाटात ठेवली.

सभासद बंधूंनो, यंदाचा हंगाम सुरू होण्याआधी आपणही घरची खुंटी एकदा तपासा. ऊस उशिरा आला तरी कारखाना थांबेल. गेलेला मुलगा कोणी आणून देत नाही.