कालवड हवी, पण कोणत्या वाटेने?

मुंबईत फणसवाडीतून भुलेश्वरकडे चालत निघालं, की काही मिनिटांत पांजरपोळ येतो. १८३४ पासून तिथे गाई-गुरं सांभाळली जातात. गोऱ्ह्यांचं पुढे काय, हा प्रश्न मला तिथे नेहमी अस्वस्थ करतो. शेतात ट्रॅक्टर आले, बैलाचं काम सरलं. दूधवाल्याला कालवडच हवी.

उरुळीकांचनची बायफ संस्था आता लिंगनिश्चित वीर्यमात्राही तयार करते. गाईच्या जातीत कालवड देणाऱ्या एक्स शुक्राणूत गोऱ्हा देणाऱ्या वायपेक्षा सुमारे चार टक्के जास्त डीएनए असतो. डीएनएला चिकटणारा रंग दिला, की लेझरखाली एक्स किंचित अधिक उजळतो. मग थेंबाथेंबाला विद्युतभार देऊन दोन वाटा करायच्या. सुमारे नव्वद टक्के कालवडी मिळतात. गर्भधारणेचं प्रमाण मात्र घटतं.

रंग, लेझर, दाब हे सगळं सोसलेल्या शुक्राणूची खूण भ्रूणात उरते का? २००७ च्या एका अभ्यासात प्रयोगशाळेतल्या अशा भ्रूणांत काही जनुकांच्या आरएनएचं प्रमाण बदललेलं दिसलं. पण इथे एक गफलत सहज होते. २०१० मध्ये दिसून आलं, की सात दिवसांच्या भ्रूणात सक्रिय जनुकांपैकी जवळपास एक तृतीयांश जनुकांची पातळी नर-मादीनुसारच वेगळी असते. मादीकडे दोन एक्स, आणि त्यातला एक अजून पुरता निजलेला नसतो! म्हणून तुलना मादी भ्रूणाची मादी भ्रूणाशीच हवी. नाहीतर निसर्गाचा फरक यंत्राच्या माथी बसेल.