अमावस्येचा उजेड

आभाळाच्या वर : लेखांक नववा

शुक्राच्या ढगांविषयी लिहायचे या आठवड्यातही राहिले. राधानगरीहून एका माध्यमिक शिक्षकांचे पत्र आले आहे आणि त्यातला प्रश्न बाजूला सारून पुढे जाणे मला जमले नाही. ते लिहितात, "दाजीपूरला अमावस्येच्या रात्री मुलांना तारे दाखवायला नेले होते. चंद्र नाही, दिवे नाहीत, जवळ वस्ती नाही. तरी आभाळ काळेकुट्ट नव्हते. समोरच्या झाडांचे शेंडे आभाळावर स्पष्ट उमटत होते. मुलांनी विचारले, सर, हा उजेड कुठला? मी म्हटले, ताऱ्यांचा. पण माझे मलाच ते पटले नाही."

सर, तुमची शंका रास्त आहे. त्या उजेडात ताऱ्यांचा वाटा आहे, आकाशगंगेचा आहे, ग्रहांच्या कक्षांमध्ये पसरलेल्या धुळीवरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशाचाही आहे. पण या सगळ्यांच्या जोडीला एक उजेड असा आहे की तो अवकाशातून येतच नाही. तो आपल्याच हवेचा आहे. तुमच्या मुलांच्या डोक्यावर नव्वद-शंभर किलोमीटरवर हवा स्वतः उजळत होती. दाजीपूरसारख्या खऱ्या अंधाऱ्या जागी आभाळाच्या नैसर्गिक उजेडातला मोठा हिस्सा बऱ्याचदा याचाच असतो. शास्त्रज्ञ त्याला एअरग्लो म्हणतात, आपणही तेच नाव ठेवू.

गेल्या वेळी ध्रुवीय प्रकाशाबद्दल लिहिले तेव्हा हवेतल्या ऑक्सिजनची ५५७.७ नॅनोमीटरची हिरवी रेषा आली होती. १८६८ मध्ये स्वीडनच्या आंगस्ट्रॉमला हीच रेषा ध्रुवीय प्रकाश नसलेल्या साध्या रात्रीच्या आभाळातही सापडली. ती कोणत्या मूलद्रव्याची, हे कळायला मात्र १९२५ साल उजाडले. टोरांटोच्या मॅक्लेनन आणि श्रम यांनी प्रयोगशाळेत ती काढून दाखवली. इतकी वर्षे लागण्याचे कारण त्या रेषेच्या स्वभावातच आहे. उत्तेजित झालेला ऑक्सिजनचा अणू हा हिरवा किरण सोडायला सरासरी पाऊण सेकंद घेतो. अणूंच्या जगात पाऊण सेकंद म्हणजे युग. आपल्या आसपासच्या दाट हवेत तेवढ्या वेळात त्याला असंख्य टकरा बसतात आणि ऊर्जा त्या टकरांतच संपते. नव्वद-शंभर किलोमीटरवर हवा जमिनीपेक्षा काही लाखपट विरळ असते. तिथे अणूला निवांतपणा मिळतो.

मग ऊर्जा येते कुठून? दिवसाच्या उन्हातून. सूर्याचे अतिनील किरण दिवसभर ऑक्सिजनचे रेणू फोडून त्यांचे सुटे अणू करतात. सूर्य मावळला तरी हे अणू पुन्हा जुळण्याचे काम रात्रभर चालू राहते आणि जुळताना सुटलेल्या ऊर्जेचा एक भाग प्रकाश होऊन बाहेर पडतो. दाजीपूरच्या अमावस्येचा उजेड हा असा आदल्या दिवशीचा सूर्यप्रकाश आहे. हिरव्या थराच्या थोडे खाली, ८७ किलोमीटरच्या सुमारास, हायड्रॉक्सिल रेणूंचा थर अवरक्त प्रकाशात उजळतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण त्याची ताकद हिरव्यापेक्षा कितीतरी जास्त असते. नव्वदच्या आसपास सोडियमचा पिवळा थर आहे आणि तो सोडियम जळून गेलेल्या उल्कांचा.

इथे एका पितापुत्रांबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. दिवसाचे आभाळ निळे का, याचे गणित ज्या लॉर्ड रॅले यांनी मांडले त्यांचा मुलगा रॉबर्ट स्ट्रट पुढे स्वतः लॉर्ड रॅले झाला आणि त्याने आयुष्याची कित्येक वर्षे रात्रीच्या आभाळाचा उजेड मोजण्यात घालवली. वडिलांनी दिवसाचे आभाळ घेतले, मुलाने रात्रीचे. एअरग्लोच्या तेजाचे एकक आज 'रॅले' आहे, ते मुलाच्या नावाने. १९५६ मध्ये ते सुचवले गेले. एक चौरस सेंटिमीटर बुडाच्या हवेच्या उभ्या स्तंभातून दर सेकंदाला दहा लाख प्रकाशकण सुटत असतील तर तो एक रॅले. हिरवी रेषा साधारण अडीचशे रॅलेची असते.

आता घरी येऊ. हा उजेड कोल्हापुरातून आणि पन्हाळ्यावरून रीतसर मोजला गेला आहे. जगभरच्या संशोधकांच्या निबंधांमध्ये '१६.८ अंश उत्तर, ७४.२ अंश पूर्व' असे कोल्हापूरचे ठिकाण छापून आले आहे. जी. के. मुखर्जी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले त्यांचे सहकारी यांनी पन्हाळ्यावरून हिरव्या आणि हायड्रॉक्सिलच्या प्रकाशात सबंध आभाळाच्या प्रतिमा घेतल्या. त्यांत लहरींच्या समांतर पट्ट्या सरकताना दिसल्या आणि २००३ मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. या लहरी खालून येतात. वारा डोंगरावर आदळतो, मोठे गडगडाटी ढग उसळतात, त्यातून हवेत उठलेले हेलकावे वर चढत जातात. वर हवा विरळ होत जाते तसा हेलकावा मोठा होतो. खाली जाणवणारही नाही इतकी हालचाल नव्वद किलोमीटरवर पोचेपर्यंत शेकडोपट वाढू शकते. आपल्याकडे वळीव कोसळतो तेव्हा त्याचे पडसाद मध्यांबरापर्यंत, म्हणजे हवेच्या या उंच थरापर्यंत, जात असतात. मला या सगळ्या विषयात याहून सुंदर गोष्ट ठाऊक नाही.

त्याच मध्यांबरातला वारा मोजण्यासाठी शिवाजी विद्यापीठाच्या आवारात याच संस्थेचे एक रडार १९९९ मध्ये सुरू झाले. वारंवारता १.९८ मेगाहर्ट्झ. आकाशवाणी सांगली १२५१ किलोहर्ट्झवर लागते. त्याच पट्टीत आणखी वर गेले की हे रडार, तरंगलांबी दीडशे मीटर. रेडिओ लहरी सरळ वर सोडायच्या, साधारण सत्तर ते शंभर किलोमीटरमधल्या विरळ विद्युतभारित हवेतून जो क्षीण प्रतिध्वनी येतो तो एकमेकांपासून दूर रोवलेल्या अँटेनांवर झेलायचा आणि तोच आकार एका अँटेनावरून दुसऱ्यावर पोचायला किती वेळ लागला त्यावरून वाऱ्याची दिशा आणि वेग काढायचा. फुगे या उंचीपर्यंत पोचत नाहीत, उपग्रह तिथे टिकत नाहीत. तामिळनाडूत तिरुनेलवेलीला असेच रडार १९९२ पासून होते. कोल्हापूर त्याचे उत्तरेकडचे जोडीदार झाले.

ही संस्था म्हणजे कुलाबा वेधशाळेचा वारसा. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार म्हणून १९०४ मध्ये सबंध चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली गेली. मोजमाप शुद्ध राहावे म्हणून शहर सोडणारी माणसे आपल्याकडे होती, हे लक्षात ठेवा. लेखाच्या शेवटी त्याचा उपयोग होणार आहे.

पण कोल्हापूरच का? पन्हाळा उंच आणि तुलनेने अंधारा, हे एक कारण झाले. खरे महत्त्व आहे ते आपल्या अक्षांशाला. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. थुंब्याला अग्निबाण तळ झाला तो याचसाठी. विषुववृत्तावरच्या आयनांबरातला, म्हणजे वरच्या विद्युतभारित हवेतला, प्लाझ्मा (सुटे आयन आणि इलेक्ट्रॉन) दिवसा वर उचलला जातो आणि चुंबकीय रेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना साधारण पंधरा अंशांवर जाऊन साचतो. उत्तरेकडचा तो साठा गुजरात-मध्य प्रदेशाच्या बाजूला पडतो. कोल्हापूर बरोबर मध्ये, चुंबकीय विषुववृत्तापासून दहा-साडेदहा अंशांवर. एका हाताला उगम, दुसऱ्या हाताला साठा, आणि आपण वाटेवर.

या वाटेवर सूर्यास्तानंतर काय घडते ते पाहायचे तर हिरवा प्रकाश सोडून लाल धरावा लागतो. ६३० नॅनोमीटरची ऑक्सिजनचीच रेषा, पण ती येते सुमारे अडीचशे किलोमीटरवरून. हा लाल किरण सोडायला अणूला जवळपास दोन मिनिटे लागतात, म्हणून त्याला आणखी विरळ हवा हवी. या लाल उजेडाचा कच्चा माल म्हणजे आयनांबरातले आयन आणि इलेक्ट्रॉन. ते जिथे भरपूर तिथे आभाळ उजळ, ते जिथे कमी तिथे काळोख. म्हणजे लाल गाळणी लावून काढलेले आभाळाचे चित्र हा आयनांबराचा नकाशाच होतो.

सूर्य मावळला की आयनांबराचा खालचा भाग भराभर विरतो, वरचा दाटच राहतो. तेलावर पाणी ओतल्यावर जी अस्वस्थ स्थिती होते तीच इथे होते: जड वर, हलके खाली. जराशा धक्क्याने खालचा विरळ प्लाझ्मा वर मुसंडी मारतो. हे प्लाझ्माचे बुडबुडे. नाव बुडबुडा असले तरी आकार बुडबुड्याचा नसतो. चुंबकीय रेषेला धरून तो उत्तर-दक्षिण ताणला जातो आणि शेकडो किलोमीटर लांब होतो.

माशाच्या डोळ्यासारख्या भिंगाने पन्हाळ्यावरून घेतलेले लाल प्रकाशातले एक चित्र डोळ्यांपुढे आणा. क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे आभाळ एका गोलात मावलेले. या गोलात पश्चिमेला अरबी समुद्र खोलवर येतो, पूर्वेला हैदराबादच्या पलीकडचा प्रदेश. रात्री नऊच्या सुमारास गोलाच्या पश्चिम भागात उत्तर-दक्षिण असे गडद पट्टे दिसू लागतात. पुढच्या चित्रात ते जरा पूर्वेला सरकलेले, त्यापुढच्यात आणखी. सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरने ते आपल्या डोक्यावरून जातात आणि खाली रस्त्यावर कुणाला त्याची चाहूल नसते.

कोल्हापूरच्या अक्षांशाची खरी किंमत इथे कळते. कोल्हापूरच्या आभाळात अडीचशे किलोमीटरवर जी चुंबकीय रेषा असते, तीच दक्षिणेकडे जात विषुववृत्तावर सुमारे पाचशे किलोमीटर उंच असते. त्यामुळे गडद पट्टा आपल्या डोक्यावर पोचला याचा अर्थ बुडबुडा तिकडे विषुववृत्तावर किमान तेवढा उंच चढला. पट्टा आणखी उत्तरेला गेला तर आणखी उंच. तिरुनेलवेलीला न जाता तिथल्या बुडबुड्याची उंची पन्हाळ्यावरून वाचता येते!

याचा उपयोग काय, असे पत्र येण्याआधीच सांगतो. उपग्रहाचा संदेश या बुडबुड्यातून गेला की लुकलुकतो. जीपीएसचा संदेश कमी-जास्त होतो, कधी तुटतो. मोबाइलवर रस्ता शोधणाऱ्याला ते फारसे कळत नाही. विमान उतरवणाऱ्या वैमानिकाला मात्र चालत नाही. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने विमानांसाठी 'गगन' यंत्रणा उभारली तेव्हा आपल्या अक्षांशांवरचे हे चंचल आयनांबर ही मोठी अडचण होती. युरोप-अमेरिकेत बेतलेली गणिते इथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. इथले आभाळ इथूनच मोजावे लागते.

बुडबुड्यांचा मोसम संपाताच्या आगेमागे, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. सप्टेंबर आपल्याकडे ढगांत जातो. म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल हे मोजके महिने आणि त्यातल्याही बिनचंद्राच्या रात्री, एवढेच हाताशी उरते.

सर, मुलांना लाल उजेड दाखवता येणार नाही, डोळ्याला तो दिसत नाही. हिरवा मात्र कॅमेऱ्यात पकडता येतो. अमावस्येच्या जवळची रात्र निवडा, तिपाईवर कॅमेरा लावा, भिंग पूर्ण उघडा, आयएसओ ३२००, तीस सेकंद. कॅमेरा क्षितिजाच्या जरा वर, दहा-पंधरा अंशांवर रोखा. तिथे आपली नजर थरातून तिरकी जाते, त्यामुळे उजेड माथ्यापेक्षा तीन-चारपट जास्त मिळतो. त्याहून खाली गेले की धुळीत तो विझतो. फोटोत हिरवट धूसर पट्टा आला तर तो खराब फोटो समजून पुसून टाकू नका. नुसत्या डोळ्यांनी पाहायचे तर आधी अर्धा तास एकही दिवा, मोबाइलसुद्धा, पाहू नका. रंग दिसणार नाही, राखाडी उजेड दिसेल. पन्हाळ्यावर पश्चिमेकडची बाजू बरी, कारण कोल्हापूरच्या दिव्यांची झळाळी आग्नेयेला राहते. तटाच्या कडेपासून मात्र मुलांना लांब ठेवा.

हीच हिरवी रेषा १९९९ मध्ये केक दुर्बिणीने शुक्राच्या रात्रीच्या बाजूला पाहिली, २०१९ मध्ये एक्सोमार्सच्या यानाने मंगळाच्या वातावरणात टिपली, आणि मार्च २०२४ मध्ये पर्सिव्हिअरन्स गाडीने मंगळाच्या जमिनीवरून हिरव्या ध्रुवीय प्रकाशाचा फोटो काढला. पुढच्या आठवड्यात शुक्राकडे याच रेषेवरून जाऊ.

त्याआधी पन्हाळ्यावरच्या हॉटेलवाल्यांना, बंगलेवाल्यांना आणि नगरपरिषदेला माझी कळकळीची विनंती आहे. ट्रामपायी कुलाब्याची वेधशाळा अलिबागला नेता आली. पन्हाळ्याचा अक्षांश कुठेही हलवता येणार नाही. दिवे बंद करा असे मी म्हणत नाही. रस्त्यावरच्या दिव्यांना वरून झाकण घाला, म्हणजे प्रकाश जमिनीवर पडेल. तटाबुरुजांवर खालून वर मारलेले शोभेचे झोत रात्री दहानंतर मालवा, निदान फेब्रुवारी ते एप्रिलमधल्या अमावस्येच्या आगेमागे आठ-आठ रात्री. खर्च काही नाही, उलट वीजबिल कमी येईल. आणि वाचकहो, हिरव्या पट्ट्याचा फोटो मिळाला तर तारीख, वेळ आणि दिशा लिहून पाठवा.