मुंबई-पुणे, पावणेदोन सेकंदांत

१९७८ साली ताइतो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा व्हिडिओ गेम जपानमध्ये आला. पडद्यावर अकरा-अकराच्या पाच ओळी, म्हणजे ५५ परग्रहवासी. हे सगळे मिळून एका वेळी गोळ्या किती सोडणार? तीन. फक्त तीन! आणि तेवढ्यात माणसं घामाघूम होत होती. मग १९९३ मध्ये तोआप्लान कंपनीचा ‘बात्सुगुन’ आला, १९९७ मध्ये केव्ह कंपनीचा ‘दोदोनपाची’ आला, आणि तिनाचे झाले शेकडो. गुलाबी गोळ्या, निळ्या गोळ्या, पंख्यासारख्या उलगडणाऱ्या, भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या. बुलेट हेल म्हणतात तो हा प्रकार. पहिल्यांदा बघणारा म्हणतो, यातून माणूस जिवंत सुटणं शक्यच नाही.

शक्य आहे. लोक सुटतात, तेही एका नाण्यात, म्हणजे एकाच डावात, शेवटपर्यंत. कसे, ते कळायला ‘दोदोनपाची’चा पडदा जरा ताणून बघू.

हा पडदा उभा असतो: रुंदी २४० पिक्सेल, उंची ३२०. आता त्याचं वरचं टोक सीएसएमटी समजा आणि खालचं टोक पुणे स्टेशन. रेल्वेचं अंतर १९२ किलोमीटर. भागाकार करा आणि बघा काय गंमत होते: एक पिक्सेल म्हणजे बरोबर ६०० मीटर! रुंदी होते १४४ किलोमीटर. म्हणजे अख्खा पडदा साडेसत्तावीस हजार चौरस किलोमीटरचा, कोकण विभागाहून थोडाच लहान.

या प्रदेशावर गोळी सुटते. ती एका फ्रेममध्ये ३ पिक्सेल सरकते असं धरू, आणि सेकंदाला साधारण ६० फ्रेम. सीएसएमटीहून निघालेली गोळी पुण्यात किती वेळात? पावणेदोन सेकंदांत! डेक्कन क्वीनला तीन तासांहून जास्त लागतात. डोळ्यांनी बघून हात हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात १५ फ्रेम गेल्या, ४५ पिक्सेल गेले, २७ किलोमीटर गेले. तुमच्या लक्षात येईपर्यंत गोळी भांडुपला पोचलेली असते. आणि ती एकटी नसते. अशा दोनशे धरा.

घाबरलात? थांबा, आता उलटा हिशेब. गोळी ८ पिक्सेल लांब-रुंद धरली तर दोनशे गोळ्यांनी पडद्याचा किती भाग व्यापला? एक षष्ठांश. बाकी पाच षष्ठांश मोकळं रान आहे! डोळे मात्र नेमके त्या एका षष्ठांशाला चिकटून बसतात.

त्याहून मोठं गुपित विमानात आहे. तुमचं विमान दिसायला तीसेक पिक्सेल रुंद, म्हणजे आपल्या नकाशावर १८ किलोमीटरचं धूड. पण गोळी लागून मरणारा भाग फक्त मधोमध, ३ पिक्सेलचा धरा. पंख जाळातून गेले तरी चालतं, शेपटी गेली तरी चालतं. कोकणाएवढ्या प्रदेशात तुम्हाला सांभाळायचे आहेत जेमतेम सव्वातीन चौरस किलोमीटर. पडद्याचा साडेआठ हजारावा हिस्सा! खेळ सुधारायची पहिली पायरी हीच: विमान विसरा, तो ठिपका सांभाळा, आणि नजर त्या ठिपक्याच्या जरा वर ठेवा, कारण मुंबईत काय चाललंय याची चिंता खंडाळ्याच्या खाली उतरलेल्या गोळीला नसते.

आता नेम धरून मारलेल्या गोळ्या. नवखे या गोळ्यांना सगळ्यात जास्त भितात आणि जिवाच्या आकांताने पडदाभर पळतात. खरं तर याच सर्वांत भोळ्या. सुटताना तुम्ही जिथे होतात तिथेच त्या येणार. मग हलायचं किती? गोळीचा अर्धा भाग ४ पिक्सेल, तुमच्या ठिपक्याचा अर्धा भाग दीड, एकूण साडेपाच पिक्सेल. नकाशावर साडेतीन किलोमीटरही नाहीत. पुणे स्टेशनवरून स्वारगेटला सरकलात की झालं! मुंबईहून नेम धरून आलेली गोळी रिकाम्या फलाटावर. (रिक्षावाला तेवढ्याला तयार होईल का, हा प्रश्न वेगळा.) म्हणून मुरलेला खेळाडू काठी (जॉयस्टिक) हलकेच टिचकी मारल्यासारखी हलवतो, एका दिशेने तसूतसूने सरकतो, आणि गोळ्यांची धार त्याच्यामागून गाईसारखी चालत येते. ‘दोदोनपाची’त बटण दाबून धरलं की लेसर सुरू होतो आणि विमान मंदावतं. नवख्याला ते ओझं वाटतं, जाणत्याला तोच ब्रेक. आणि हो, अडचणीच्या वेळेसाठी दिलेले बॉम्ब वापरा! शिल्लक बॉम्बांसकट मेलेल्यांची संख्या मोजायला गेलो तर हा लेख संपायचा नाही.

गुणांचंही जरा बघूनच घेऊ. १९९९ च्या ‘गिगा विंग’मध्ये शत्रूच्या गोळ्या परतवायच्या, त्यांची पदकं गोळा करायची, आणि गुणक फुगवत न्यायचा. तरबेज खेळाडू लाख कोटींच्या घरात जातात. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मूळ अंदाजित खर्च होता १ लाख ८ हजार कोटी रुपये. गुणाला रुपया दिला तर एका बैठकीत रूळ, डबे, बोगदे सगळं आलं! सेकंदाला एक या वेगाने एक लाख कोटी गुण मोजायला लागतील ३१ हजार वर्षांहून जास्त.

पण खरा आकडा तुमच्या काठीत दडलाय. आठ दिशा आणि एक जागीच थांबणं, दर फ्रेमला नऊ पर्याय. दोन फ्रेममध्ये ८१. तिनांत ७२९. आठ फ्रेममध्ये चार कोटी तीस लाख. दहा फ्रेममध्ये, सेकंदाच्या सहाव्या हिस्स्यात, ३४८ कोटी वेगवेगळे मार्ग, भारतातल्या प्रत्येकाला दोन-दोन वाटून वर उरतील! पाव सेकंदात दोनशे पाच लाख कोटी. पुरा एक सेकंद? १८ वर ५६ शून्यं. सूर्य ज्या अणूंनी बनलाय ते सगळे मोजले तर याच्या साधारण निम्मे भरतील. अहो, एका सेकंदात!

आणि डाव सेकंदाचा नसतो. पंचवीस मिनिटांचा धरा: ९० हजार फ्रेम, नव्वद हजार वेळा नऊचा गुणाकार. उत्तरात नुसते अंकच ८५,८८२. सेकंदाला एक अंक या वेगाने वाचायला बसा. सकाळी ७.१५ ला पुण्याहून डेक्कन क्वीन सुटताना सुरुवात करा. गाडी मुंबईला पोचेल, संध्याकाळी परत निघेल, रात्री पुण्यात येऊन झोपेल, आणि तुम्ही वाचताच आहात. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सुटायला नऊ मिनिटं उरली असताना तुमचा शेवटचा अंक येईल. यातल्या बहुतेक सगळ्या वाटा मरणाच्या. गोळ्यांच्या आकृत्या पाठ करणारा खेळाडू पुन्हा पुन्हा मरून त्या छाटत जातो आणि उरलेल्यांतली एक पकडून, एका नाण्यात, पलीकडे निघतो.

पलीकडे काय असतं? अटी पुऱ्या केल्या असतील तर ‘दोदोनपाची’ तुम्हाला पुन्हा पहिल्या टप्प्यावर आणून उभं करतो. तोच प्रवास, गोळ्या आणखी दाट, वाटांच्या आकड्यातले अंक दुप्पट. आणि शेवटी हिबाची नावाची मधमाशी, जी पहिल्या फेरीत तुमच्यासमोर आलेलीच नसते.